जुना गेम, जुने सोबती: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: आमचा पाच जणांचा ग्रुप दर गुरुवारी रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक (त्या ऑनलाइन गेमचं जुनं रूप) खेळतो आणि मी त्यात टाउरेन शामन, म्हणजे बैलमुखी वंशातली मांत्रिक, आहे. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच देते. बॉस कसा मारायचा हे कुणीच विचारलेलं नाही. जवळपास प्रत्येक पत्रात प्रश्न सोबत्यांचा आहे. बहुतेकांनी नावाऐवजी आपला क्लास, म्हणजे गेममधल्या कॅरेक्टरचा प्रकार, लिहून पाठवलाय, तो तसाच ठेवते.

*

ताई, आम्ही पाच मित्र २००६ ते २०१० या काळात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचो. आता सगळे चाळिशीत, तिघं वेगवेगळ्या देशांत. तीन महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू केलं. पहिल्या रात्री जुनी कॅरेक्टर्स उघडली तेव्हा डोळे भरून आले. दुसऱ्या रात्री कुणाला काही कळेना. तिसऱ्या आठवड्यात एकजण शेवटच्या लेव्हलला पोचला होता आणि दोघं अजून चाचपडत होते. चौथ्या आठवड्यात मी एकटाच लॉगिन झालो. आमचं काय चुकलं? — एक जुना पॅलाडिन

दोन गोष्टी चुकल्या, आणि दोन्ही प्रेमापोटी चुकल्या.

पहिली म्हणजे तुम्ही जुनी कॅरेक्टर्स उघडलीत. तो मोह मला कळतो. पण तुमचा पॅलाडिन जिथे उभा होता ते जगच बदललंय. डिसेंबर २०१० मध्ये कॅटाक्लिझम नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे गेममधली मोठी भर, आलं आणि जुने प्रदेश उलटेपालटे झाले, बॅरेन्स नावाच्या माळरानाचे तर दोन तुकडे झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये लेव्हलचे आकडेच दाबून बसवले, १२० लेव्हलचं कॅरेक्टर ५० वर आलं. तुमच्या पॅलाडिनचा आकडा तुम्हाला ओळखीचा वाटला नसेल तो त्यामुळे. त्यात पडद्यावर तीन ओळी भरून बटणं, आणि त्यातलं कुठलं कशासाठी होतं ते आठवत नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं. ज्याला पटकन आठवतं तो पुढे पळतो, ज्याला आठवत नाही तो गप्प होतो. तो गप्प झालेला माणूसच आधी यायचा थांबतो.

म्हणून जुन्या कॅरेक्टर्सना असू द्या तिथेच. अधूनमधून बघून या. खेळायला मात्र सगळ्यांनी लेव्हल एकपासून नवं कॅरेक्टर काढा, आणि तुमचा जीव २००६ च्या जगात अडकलेला असेल तर क्लासिक एरा सर्व्हरवर काढा. तिथे शेवटची लेव्हल ६० आहे आणि पुढची एक्स्पान्शन्स येत नाहीत. एक लक्षात ठेवा: गेममध्ये हॉर्ड आणि अलायन्स असे दोन पक्ष आहेत, आणि तिथे हॉर्डला पॅलाडिन नाही, अलायन्सला शामन नाही. पॅलाडिनच व्हायचं असेल, तर बाकीच्या चौघांनाही अलायन्समध्ये यावं लागेल. ते आधी बोलून घ्या.

दुसरी चूक जास्त मोठी. तुमच्यातला एकजण पुढे गेला. ऑनलाइन आरपीजीत (भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) मैत्री तुटते ती बहुतेकदा भांडणाने तुटत नाही, लेव्हलच्या अंतराने तुटते. वीसच्या शेजारी साठचा उभा राहिला की साठवाला एका फटक्यात सगळं मारतो, वीसवाला मागे मागे चालतो, आणि त्याला एक्सपीही (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) नावालाच मिळतो. मदत म्हणून सुरू झालेलं हे ओढत नेणं दोघांनाही थकवतं.

आमच्याकडे यावर एकच नियम आहे. गुरुवारचं कॅरेक्टर फक्त गुरुवारी. मंगळवारी हात शिवशिवले, तर दुसरं कॅरेक्टर काढून वाट्टेल तेवढं खेळा, पण गुरुवारचं हलवायचं नाही. हा नियम आमच्या वॉरियरने सुचवला, आणि सगळ्यांत कठीण त्यालाच गेला, कारण मोकळा वेळ त्याच्याचकडे जास्त असतो.

या नियमाला गेमचीही साथ आहे. कॅरेक्टर सरायीत किंवा राजधानीत झोपवून लॉगआउट केलं, तर दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतका विश्रांतीचा एक्सपी जमतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत. तो असेपर्यंत मारलेल्या प्रत्येक शत्रूचा एक्सपी दुप्पट मिळतो. आता हिशेब करा. आठवड्याचे १६८ तास, म्हणजे २१ हप्ते, म्हणजे १०५ टक्के. पुढच्या गुरुवारी तुम्ही लॉगिन कराल तेव्हा अख्ख्या लेव्हलची साठवण तयार असते. मोकळ्या रानात लॉगआउट केलं तर ही साठवण पावपटीने होते, म्हणून रात्र संपवताना सरायीपर्यंत चालत जायचंच, कितीही झोप आली तरी. ते शेवटचं चालणं मला आता फार आवडतं. लढाई संपलेली असते आणि गप्पा तेव्हाच खऱ्या सुरू होतात.

पाच जणांनी क्वेस्ट, म्हणजे गेमने नेमून दिलेली कामं, कशा कराव्यात तेही सांगते, कारण पहिल्या महिन्यात आम्ही यातच दमलो. 'अमुक इतके मारा' अशा क्वेस्ट एकत्र करा, एकाने मारलेलं पाचही जणांच्या खाती पडतं. 'दहा सुळे आणा' अशा क्वेस्टमध्ये मात्र बहुतेकदा प्रत्येकाला आपापले दहा जमवावे लागतात, म्हणजे पन्नास सुळे. असल्या क्वेस्ट सरळ सोडून द्या आणि तो वेळ डंजनमध्ये, म्हणजे ग्रुपने मिळून लढायच्या बंदिस्त जागांत, घालवा. डंजन पाच जणांसाठीच बनवलेली आहेत.

आणि तिथे चालत जा. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला, तेव्हापासून बटण दाबलं की माणसं आपोआप जुळतात आणि थेट दारातून आत टाकली जातात. सोयीचं आहे, नाही कोण म्हणतं. पण क्लासिकमध्ये ते बटण नाही, आणि चाळीस लेव्हलपर्यंत घोडासुद्धा मिळत नाही. वेलिंग कॅव्हर्न्स नावाच्या डंजनला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅरेन्स पायी तुडवलं, वाटेत तीनदा मेलो, आत शिरल्यावर रस्ता चुकलो आणि एकाच ओढ्याभोवती फिरत राहिलो. त्या रात्री आम्ही निम्मं डंजनसुद्धा पूर्ण केलं नाही. पण दहा वर्षांत एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या एका रात्रीत बोललो. हंटरच्या वडिलांचं आजारपण आम्हाला त्या ओढ्याकाठी कळलं.

आणखी एक रात्र सांगते, मग पुढे जाते. शामनला वीसाव्या लेव्हलला पाण्याचा टोटेम (मंत्राचा खांब) मिळतो, आणि तो मिळवायची क्वेस्ट माणसाला बॅरेन्सपासून हिल्सब्रॅड, अ‍ॅशेनव्हेल, सिल्व्हरपाइन अशी दोन खंडांत फिरवते. झेपेलिन या हवाई जहाजाची वाट बघायची, उतरायचं, पुन्हा चालायचं. ती क्वेस्ट फक्त शामनची. बाकीच्या चौघांना तिचा काडीचाही उपयोग नव्हता. मी म्हटलं, मी एकटी करते कधीतरी. वॉरलॉक म्हणाली, "कधीतरी म्हणजे कधी? गुरुवारचं कॅरेक्टर फक्त गुरुवारी." आणि चौघं माझ्याबरोबर चालले. अडीच तास. कुणाचीही लेव्हल वाढली नाही. तुम्ही जे शोधायला परत आलात ते हेच असावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी पाचही जण एकाच वाटेवर असावे लागतात.

आम्हाला साठपर्यंत पोचायला सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२१ लागले. घाई नव्हती. चौघंच जमले तर डंजन करायचं नाही, मासेमारी किंवा शिवणकाम वाढवायचं. तिघंच जमले तर गुरुवारची कॅरेक्टर्स उघडायचीच नाहीत. आणि तुमचे तिघं वेगवेगळ्या देशांत आहेत म्हणून एक बारीकशी सूचना: काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे करतात. त्या दोन आठवड्यांत वेळ आदल्या दिवशी पुन्हा कळवा. आमच्या हंटरने एकदा तासभर एकटीने सरायीत बसून काढला होता.

*

माझ्या जुन्या अकाउंटचा ईमेल बंद झालाय. एकाने तयार साठ लेव्हलचं अकाउंट विकत देतो म्हटलंय. घेऊ का? — एक रोग (चोरपावलांनी लढणारा)

नको. विकत घेतलेलं अकाउंट नियमाबाहेर असतं, ते कधीही बंद होऊ शकतं, आणि मूळ मालक ते परत मागू शकतो. कंपनीच्या मदतकक्षाकडे ओळखीचा पुरावा देऊन स्वतःचं परत मागा. वर्षानुवर्षं न उघडलेली कॅरेक्टर्स सहसा टिकून असतात, मात्र नाव दुसऱ्या कुणी घेतलेलं असू शकतं. परत मिळालं की त्याच दिवशी मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर (लॉगिनची दुसऱ्यांदा खात्री करणारं अ‍ॅप) जोडा.

*

आम्ही चौघी मैत्रिणी. एकीजवळ फक्त फोन आहे, एकीचा लॅपटॉप फार जुना, आणि दर महिन्याला पैसे भरायची कुणाचीच तयारी नाही. वॉरक्राफ्ट सोडून काही आहे का? — एक जुनी मेज (जादूगार)

आहे, आणि तुमच्यासाठी कदाचित जास्त चांगलं.

फोन आहे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ओल्ड स्कूल रुनस्केप येतो. मूळ रुनस्केप जानेवारी २००१ चा. मग त्याच्यात इतके बदल झाले, की जुन्या खेळाडूंना तो आपला वाटेना. तेव्हा कंपनीने ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत काढली, खेळाडूंचं मत घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो जुना गेम वेगळा सुरू केला. तिथे नवी गोष्ट आणायची तर आधी खेळाडू मत देतात. सुरुवातीला त्यासाठी पंचाहत्तर टक्के होकार लागायचा. २०१८ पासून तो फोनवरही आहे, आणि फोनवर आणि कॉम्प्युटरवर अकाउंट एकच चालतं. बराचसा भाग फुकट आहे, पूर्ण जग हवं असेल तर मात्र सदस्यत्वाचे पैसे भरावे लागतात.

त्यात २०२१ मध्ये ग्रुप आयर्नमॅन नावाचा प्रकार आला. दोन ते पाच जणांनी नवी कॅरेक्टर्स काढून गट बांधायचा. गटाबाहेर कुणाशीही देवाणघेवाण नाही, बाजारातून विकत घेणं नाही. जे लागेल ते गटातल्याच कुणीतरी मिळवायचं. एकीने मासे पकडून शिजवायचे, एकीने धातू वितळवून चिलखत घडवायचं, एकीने जडीबुटी जमवायची. सगळ्या एकाच वेळी ऑनलाइन नसलात तरी चालतं, कारण सामाईक पेटीत वस्तू ठेवता येतात. दुपारी फोनवर दहा मिनिटं लाकूड तोडलेली मैत्रीणही गटाच्या उपयोगी पडते. ज्यांना ठरलेली रात्र जमतच नाही त्यांच्यासाठी याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही. फक्त धीर हवा. एका कौशल्यात नव्याण्णवावी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो, आणि त्याचा निम्मा टप्पा ब्याण्णव्या लेव्हलला येतो. तिथले लोक 'ब्याण्णव म्हणजे निम्मं' असं म्हणतात ते अक्षरशः खरं आहे.

फोनवाल्या मैत्रिणीला कधी कॉम्प्युटर मिळाला तर पहिला गिल्ड वॉर्स बघा, एप्रिल २००५ चा. एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं शुल्क नाही, जुन्या लॅपटॉपवर मजेत चालतो. शेवटची लेव्हल २० आणि ती लवकर येते, म्हणून मागेपुढे राहण्याची भीती जवळजवळ उरत नाही. एखादी आली नाही तर तिच्या जागी गेममधलाच एखादा साथीदार घेता येतो. ज्यांना वाचत, थांबत, निवांत फिरायचं आहे त्यांनी द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन बघावा. तो २००७ चा, आणि २०१० पासून फुकट सुरू करता येतो.

*

ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. मामाच्या ग्रुपमध्ये पाचवी जागा रिकामी होती म्हणून मला क्लासिकमध्ये घेतलं. ते सगळे खूप चांगले आहेत, पण त्यांना सगळं पाठ आहे. 'इकडे वळ, ते सोड, हे पिकअप कर.' मी एकही क्वेस्ट वाचलेली नाही. बॅरेन्समध्ये हुमार नावाचा काळा सिंह असतो असं कळलं. मला तो पाळायचाय. मामा म्हणतो, त्यापेक्षा चांगले प्राणी पुढे मिळतात, वेळ कशाला घालवतेस? मी हट्टी आहे का? — एक नवी हंटर

हट्टी अजिबात नाहीस. तुझ्या ग्रुपमध्ये बरोबर खेळणारी या घडीला तू एकटीच आहेस, आणि हे मी मामाच्या बाजूची असून सांगतेय.

मामा आणि त्याचे मित्र इथे कसे पोचले ते तुला माहीत असायला हवं. जुना गेम नव्या बदलांखाली गाडला गेला तेव्हा काही चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर जिवंत ठेवला होता. त्यातला सगळ्यांत गाजलेला नॉस्टाल्रियस एप्रिल २०१६ मध्ये कायदेशीर नोटिशीमुळे बंद झाला. जुना खेळ परत द्या म्हणून अडीच लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्लिझर्ड या गेमच्या कंपनीने क्लासिकची घोषणा केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो सुरू झाला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, त्याचा कोपरान् कोपरा माणसाला पाठ होतो. तुला ते घाई करतात ती प्रेमाने करतात. आपल्याला जे आवडतं ते हिलाही लवकर दिसावं असं त्यांना वाटतं.

पण २००५ मध्ये त्यांना स्वतःला काय आवडलं होतं? त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे. टेकडीमागे काय आहे ते टेकडी चढूनच कळायचं. आता क्लासिकमधले आकडे जुने आहेत, शत्रू जुने आहेत, पण अज्ञान कुणाकडेच शिल्लक नाही. ग्रुपमध्ये ते फक्त तुझ्याकडे आहे, आणि ते फार मोलाचं आहे.

पुढचा परिच्छेद मामाला वाचायला दे.

मामा, महिन्यातली एक रात्र भाचीच्या मागे चाला. वाट तिने ठरवायची. ती चुकली तरी बोलायचं नाही, तिने विचारलं तरच सांगायचं. क्वेस्टचा मजकूर तिने मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांनी ऐकायचा. तुमच्यापैकी किती जणांनी तो कधीच नीट वाचला नव्हता ते तुम्हालाच कळेल. क्वेस्टची जागा नकाशावर दाखवणारे अ‍ॅडऑन त्या रात्री बंद ठेवा. आणि हुमारसाठी एक रात्र राखून ठेवा. तो नेहमी दिसत नाही, म्हणून आधी दुसरा कुणी त्याला मारून गेलेला असेल तर थांबावं लागेल. थांबा. पाच जण एका सिंहाची वाट बघत माळरानावर बसलेत, याहून चांगली रात्र मला तरी सुचत नाही.

आणि तू, त्याला पाळलंस की फार पुढे जाईपर्यंत सोडू नकोस. त्याच्यापेक्षा जोरात मारणारे प्राणी मिळतील. मिळू देत.

*

हार्डकोअर सर्व्हरवर एकत्र सुरुवात करावी का? — एक ड्रुइड

ऑगस्ट २०२३ पासून क्लासिकचे अधिकृत हार्डकोअर सर्व्हर आहेत. तिथे कॅरेक्टर एकदा मेलं की त्या सर्व्हरवरचा त्याचा प्रवास संपतो. पहिल्यांदाच परत येणाऱ्या ग्रुपला मी नको म्हणेन. एकाचं इंटरनेट क्षणभर अडखळलं की तो लेव्हल एकवर आणि बाकीचे तीसवर, म्हणजे वर पॅलाडिनला सांगितलेलं अंतर एका सेकंदात तयार. वर्षभर एकत्र खेळा, मग विचार करा.

*

ताई, हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. २००८ मध्ये आमचा दहा जणांचा ग्रुप काराझान ही रेड, म्हणजे मोठ्या ग्रुपची मोहीम, करायचा. मी वॉरियर. शेवटी प्रिन्स मालचेझारकडून गोरहाउल ही कुऱ्हाड पडते, तिची मी चार महिने वाट बघत होतो. पडली त्या रात्री आमच्या हीलर (बाकीच्यांना बरं करणाऱ्या) पॅलाडिननेही 'नीड', म्हणजे 'मला हवंय', दाबलं, गेमने टाकलेल्या फाशात त्याचा आकडा मोठा आला आणि कुऱ्हाड त्याला गेली. तो कधी तरी एकटा खेळताना वापरणार होता म्हणे. मी बोललो नाही, पण त्यानंतर त्याच्याशी नीट बोललोच नाही. आता बाकीचे मित्र पुन्हा जमतायत आणि त्याला बोलावतायत. विषय काढू की गिळून टाकू? — एक वॉरियर

काढा. पण ग्रुपच्या व्हॉइसवर काढू नका, आणि पहिल्या रात्रीही काढू नका. त्याआधी त्याला एकट्याला लिहा.

मी हे दुसऱ्या बाजूने बघितलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमच्या गोष्टीत मी तो पॅलाडिन आहे.

२००६ मध्ये मी प्रीस्ट, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी, होते आणि आमचं गिल्ड (खेळाडूंचा संघ) चाळीस जणांनी मोल्टन कोअर ही रेड करायचं. तिथे मेजरडोमो एक्झेक्युटस म्हणून बॉस आहे. तो मरत नाही. त्याचे आठ साथीदार पडले की तो शरण येतो आणि मागे एक पेटी उरते. त्या पेटीतून कधी कधी 'आय ऑफ डिव्हिनिटी' नावाचा डोळा निघायचा, आणि तो फक्त प्रीस्टच्या कामाचा. त्यापासून पुढे लांबलचक क्वेस्ट करून बेनेडिक्शन ही काठी मिळायची. त्या काळी प्रीस्टच्या हातात ती काठी दिसली की शहरात लोक थांबून बघायचे. रेड आठवड्यातून एकदाच करता यायची, म्हणजे पेटीही आठवड्यातून एकदाच.

आम्ही दोघी प्रीस्ट होतो. ती माझ्या आधीपासून गिल्डमध्ये होती, माझ्याहून जास्त आठवडे वाट बघत होती. बरं करण्याचे क्रम, मॅना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) कसा वाचवायचा, हे सगळं मला तिनेच शिकवलेलं. वाटप डीकेपी पद्धतीने व्हायचं: रेडला आलात की गुण जमतात, वस्तू घेतलीत की खर्च होतात. ती आजारी पडून दोन आठवडे आली नव्हती, तेवढ्यात माझे गुण तिच्यापुढे गेले. डोळा निघाला त्या रात्री यादीत पहिलं नाव माझं होतं. 'मी सोडते, तिला द्या' एवढं म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. मी म्हटलं नाही. नियमाने डोळा माझाच होता, आणि त्या नियमामागे मी तेरा वर्षं उभी राहिले. ती आणखी महिनाभर आली, मग यायची थांबली. कारण मी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

आता क्लासिकमध्ये रेडमध्ये मिळालेली वस्तू दोन तासांच्या आत त्याच ग्रुपमधल्या माणसाला देता येते. २००६ मध्ये ती सोय नव्हती, एकदा घेतली की घेतली. पण खरं सांगते, ती सोय असती तरी त्या रात्री मी दिली नसती. मी तेवीस वर्षांची होते आणि ती काठी मला फार हवी होती.

तुमच्या पॅलाडिनलाही ती रात्र आठवत असणार. घेणारा विसरतो असं लोक म्हणतात, माझा अनुभव तसा नाही. त्याला लिहाल तेव्हा 'तू चुकलास' असं लिहू नका. तुम्हाला काय वाटलं ते लिहा: चार महिने वाट बघत होतो, फार लागलं, बोलायला हवं होतं, बोललो नाही. शेवटचं वाक्य तुमच्या वाट्याचं आहे, ते वगळू नका. इतकी वर्षं तोही वाट बघत असेल की तुम्ही कधी बोलताय.

आणि नव्या ग्रुपसाठी एक साधा करार करून टाका, पहिल्या डंजनच्या आधी. जो ज्या भूमिकेत आलाय त्याच भूमिकेच्या वस्तूवर त्याने 'नीड' दाबायचं. हीलर म्हणून आलेल्याने कुऱ्हाड हवी असेल तर आधी तोंडाने विचारायचं. पाच जणांत गुणांच्या वह्या लागत नाहीत, विचारण्याची सवय पुरते. आमच्याकडे कुणीही काहीही घेण्याआधी "कुणाला हवंय का?" असं म्हणतो आणि तीन सेकंद थांबतो.

माझं पुढे काय झालं ते तुम्ही विचारणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक सुरू होण्याच्या आठवड्यात मी तिला लिहिलं. चार ओळी. तो डोळा तुझा होता, मला तेव्हाच कळलं होतं, मी गप्प बसले, मला माफ कर. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी तिचा एकाच ओळीचा मेसेज आला: "सर्व्हर कुठला?"

तिने पुन्हा प्रीस्ट घेतला नाही, आणि मीही घेतला नाही. ती वॉरलॉक झाली. वॉरलॉक दूरच्या माणसाला आपल्याजवळ बोलावू शकते, पण त्यासाठी आणखी दोघांना तिच्या मंत्राच्या दारावर हात ठेवावा लागतो. मला कामावरून यायला उशीर होतो, आणि मी लॉगिन करते तोवर बाकीचे चौघं डंजनच्या दाराशी पोचलेले असतात. मी अजून सरायीतच उभी असते, तोच पडद्यावर चौकट येते: अमुक वॉरलॉक तुम्हाला बोलावते आहे, जायचं का?